जपानी वेबसाइटचं एसईओ: आधी एजन्सी, मग सल्लागार बाई, आणि फुकटची टूल्स, माझा पूर्ण अनुभव

गेल्या दोनतीन महिन्यांत इथल्या आपल्या चारपाच जणींनी मला वेगवेगळं गाठून एकच विचारलं, तुझ्या क्लासला जपानी लोक गूगलवरून येतात ते कसं काय, कुणाकडून करून घेतलंस, किती घेतले, आमचंही करून देतील का. प्रत्येकीला अर्धवट सांगण्यापेक्षा या एसईओबद्दल, म्हणजे गूगलवर आपली साइट वर दिसावी म्हणून करायच्या कामाबद्दल, एकदाच सगळं बैजवार लिहून टाकते. लांबलचक होणार आहे, पण ज्यांचे पैसे यात जाणार आहेत त्यांनी प्लीज पूर्ण वाचा.

तर मी तोक्योत निशिकासाईला राहते. स्टेशनपासून ६ मिनिटांवर एक छोटी जागा भाड्याने घेऊन भारतीय स्वयंपाकाचा क्लास चालवते, एका वेळी जास्तीत जास्त चार जण. निशिकासाईत आपले लोक भरपूर आहेत पण आपल्या लोकांना पोळ्या शिकायला माझ्याकडे कशाला यायचंय, येणारे सगळे जपानी, त्यामुळे वेबसाइट जपानीत. माझी जपानी भाषेची एन-टू परीक्षा झालीय, बोलायला लिहायला अडत नाही, म्हणून मजकूर मीच लिहिला, नवऱ्याने वर्डप्रेसवर चढवला, दोन जपानी मैत्रिणींनी चुका काढून दिल्या. वर्ष झालं तरी गूगलवरून महिन्याला जेमतेम एक चौकशी. जे काही चालत होतं ते तोंडोतोंडी.

मग एका एजन्सीचा फोन आला. नाव लिहीत नाही. बोलणारा मुलगा अदबीचा, सगळं व्यवस्थित समजावून सांगितलं, महिना ५०,००० येन, करार कमीत कमी सहा महिन्यांचा, म्हणजे ३ लाख येन. दर महिन्याला रिपोर्ट, महिन्याला चार लेख, रँकिंगची जबाबदारी आमची. आणि याहू जपानसाठी वेगळं काम लागतं, त्याचे वरचे १०,००० महिना. हे शेवटचं ऐकूनच मी थांबायला हवं होतं पण तेव्हा मला माहीतच नव्हतं. जपानमधे याहू अजूनही पुष्कळ लोक वापरतात हे खरंय, विशेषतः जरा वयस्कर माणसं, आपल्याला बाहेरून येऊन ते नवल वाटतं. पण याहू जपानचं सर्च २०१० पासून गूगलच्याच इंजिनावर चालतं. याहू स्वतःच्या सर्व्हिसेसचे डबे मधेमधे टाकतं, प्रश्नोत्तरांचं चिएबुकुरो वगैरे, पण साध्या निकालांसाठी जे गूगलला पटतं तेच याहूवर दिसतं. वेगळं एसईओ असं काही करायचं नसतं. तुम्हाला कुणी याहूचे वेगळे पैसे सांगितले तर तिथेच उठा, एवढं एकच लक्षात ठेवलं तरी या लिखाणाचं काम झालं.

पहिल्या महिन्याचा रिपोर्ट आला तेव्हा मी खूश झाले होते. बारा कीवर्ड, म्हणजे लोक गूगलवर टाइप करतात ते शब्द, त्यातल्या सात ठिकाणी माझी साइट एक नंबरवर. नवऱ्याला दाखवलं, आईला पुण्याला फोन करून सांगितलं. पण चौकशी काही वाढेना. तीन महिने झाले, हिरवे बाण वर वर, आणि क्लासचं कॅलेंडर मात्र तसंच रिकामं. मग मी त्या सात कीवर्डकडे नीट बघितलं. पहिलाच होता 'इन्दो कुक्किंगु कुरासु', म्हणजे इंडियन कुकिंग क्लास हे इंग्रजी शब्द काताकानात, म्हणजे परदेशी शब्दांच्या जपानी लिपीत, लिहिलेले. मीच माझ्या साइटवर सुरुवातीला तसं लिहिलं होतं आणि एजन्सीने माझाच शब्द उचलून मला त्यावर एक नंबरला नेऊन दाखवलं. जपानी माणूस स्वयंपाकाच्या क्लासला म्हणतो 'र्योरी क्योशित्सु'. कुक्किंगु कुरासु असं टाइप करून क्लास शोधणारं मला आजवर कुणी भेटलं नाही. ज्या रस्त्यावर माणूसच फिरकत नाही तिथे दुकानाची पाटी कितीही मोठी लावा.

आणि त्या लेखांबद्दल तर मला अजूनही राग आहे. महिन्याला चार लेख, प्रत्येकी ३,००० अक्षरं, इथे लिहिणाऱ्याला शब्दांवर नाही अक्षरांवर पैसे देतात, त्याला मोजी तान्का म्हणतात, आणि स्वस्तातला लेखक घेतला की तो अक्षरं भरत बसतो. एकच गोष्ट चारदा फिरवून. त्यात हळदीवर एक लेख. आता हळदीला जपानीत दोन शब्द आहेत, 'ताऽमेरिक्कु' आणि 'उकोन', वस्तू तीच. पण ताऽमेरिक्कु टाइप करणारा माणूस ओट्यापाशी उभा असतो, त्याला भाजीत किती घालायची ते हवं असतं. उकोन टाइप करणारा माणूस काल रात्री दारू प्यायलेला असतो किंवा आज रात्री पिणार असतो, कोंबिनीत, म्हणजे इथल्या चोवीस तास चालणाऱ्या छोट्या दुकानांत, उकोनच्या छोट्या बाटल्या मिळतात त्या त्याच्यासाठीच. एजन्सीने माझ्या साइटवर लेख टाकला तो उकोनवर, कारण टूलमधे उकोनचा आकडा मोठा दिसला असणार. आणि लेखात काय, तर उकोनने लिव्हर सुधारतं, सांधेदुखी जाते, अमुक बरं होतं.

हे वाचून माझ्या एका विद्यार्थिनीने, जी फार्मसीत काम करते, मला लाइन या चॅट ॲपवर मेसेज केला की सेन्सेई (म्हणजे टीचर), हे काढून टाका, याक्कीहोमधे अडकाल. याक्कीहो म्हणजे इथला औषधांचा कायदा. खाण्याच्या वस्तूने रोग बरा होतो अशी जाहिरात करणं त्यात बसत नाही, आणि मी क्लासला येणाऱ्यांना मसाल्याची पाकिटं विकते, म्हणजे माझ्या साइटवरचं ते वाक्य जाहिरातच धरलं जाऊ शकतं. रात्री साडेअकराला मी तो लेख डिलीट केला. कायद्याचं सोडा, एसईओ म्हणूनही तो लेख फुकटच होता. इथे २०१६ च्या नोव्हेंबरमधे वेल्क नावाची एक मोठी आरोग्याची साइट बंद करावी लागली होती, डी-एन-ए कंपनीची, असेच स्वस्तात लिहून घेतलेले, इकडून तिकडून उचललेले, वैद्यकीय दृष्टीने चुकीचे लेख गूगलवर सगळ्यात वर येत होते म्हणून. फार गाजलं ते प्रकरण. त्यानंतर २०१७ च्या फेब्रुवारीत गूगलने खास जपानी भाषेतल्या सर्चसाठी बदल केला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमधे आरोग्याच्या विषयांसाठी आणखी एक. तेव्हापासून तब्येतीच्या शब्दांवर हॉस्पिटलं, सरकारी साइट्स, औषध कंपन्या यांनाच जागा. जपानमधे एसईओ करणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल असं होऊच शकत नाही. मग माझ्यासारख्या चार जणींच्या क्लासला उकोनचा लेख का लिहून दिला? कारण करारात चार लेख लिहिलेले होते, ते भरायचे होते.

पाचव्या महिन्यात त्यांनी सुचवलं, गूगल मॅपवर पाच स्टार देणाऱ्या विद्यार्थ्यांना पुढच्या क्लासला ५०० येन सूट द्या. हे मी केलं नाही, मनाला पटलं नाही म्हणून, पण कायद्याचंही नंतर कळलं. १ ऑक्टोबर २०२३ पासून इथे स्टेल्थ मार्केटिंगवर, म्हणजे जाहिरात आहे हे लपवून केलेल्या जाहिरातीवर, बंदी आहे आणि २०२४ च्या जूनमधे त्याखाली पहिला आदेश निघाला तो तोक्योतल्या एका क्लिनिकवर, फ्लूच्या लसीत सूट देऊन चारपाच स्टार मागितले म्हणून. म्हणजे हुबेहूब तोच प्रकार. सहा महिने पूर्ण झाल्या दिवशी मी करार संपवला.

एजन्सीला ५ पैकी १. तो एक पण एवढ्यासाठी की रिपोर्ट वेळेवर यायचे.

आता दुसरा भाग, ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसले. माझ्या त्या फार्मसीवाल्या विद्यार्थिनीनेच एका बाईंचं सांगितलं, एकट्याच काम करतात, छोट्या दुकानांसाठीच, पन्नाशीच्या पुढच्या असतील. त्यांना नवीन गिऱ्हाईकं मोजकीच घ्यायची असतात म्हणून नाव इथे टाकत नाही. दोन तासांची एक बैठक, १५,००० येन, आणि पहिल्यालाच म्हणाल्या की तीन बैठकांनंतर माझी गरज लागता कामा नये. महिन्याचा करार नाही, रिपोर्ट नाही, लेख नाहीत. रँकिंगची गॅरंटी तर अजिबात नाही.

मला वाटलं आल्या आल्या लॅपटॉप उघडून साइट तपासतील. त्या म्हणाल्या, तुमच्या विद्यार्थ्यांनी तुम्हाला लाइनवर काय काय लिहिलंय ते वाचून दाखवा. मी म्हणलं वेबसाइट? म्हणाल्या नंतर. मग दीड तास मी जुने मेसेज वाचत होते आणि त्या एका वहीत फक्त शब्द उतरवत होत्या, कुठला शब्द हिरागानात (उच्चारावर चालणारी साधी लिपी), कुठला काताकानात, कुठला कांजीत (चिनी चित्राक्षरं), अगदी जसाच्या तसा. मधेच थांबवायच्या, हे पुन्हा दाखवा, तिने पाकुची लिहिलंय की कोरिआन्दाऽ?

यावर जरा सविस्तर सांगते कारण जपानी साइटचं सगळं गणित इथेच आहे. आपल्याकडे कोथिंबीर वेगळी आणि धणे वेगळे, हे लहान पोरालाही कळतं. जपानीत पण तसंच आहे पण शब्द परदेशातून आलेत. हिरवी पानं म्हणजे 'पाकुची', हा थाई भाषेतला शब्द. धणे आणि धण्याची पूड म्हणजे 'कोरिआन्दाऽ', इंग्रजीतून. चायनीज स्वयंपाक करणारे त्याच पानांना 'श्यान्त्साइ' म्हणतात. मी माझ्या कोथिंबीर वडीच्या पानावर सगळीकडे कोरिआन्दाऽ लिहून ठेवलं होतं, कारण माझ्या डोक्यात इंग्रजी कोरिएंडर. म्हणजे जपानी माणसाने वाचलं तर धण्याच्या पुडीच्या वड्या. आणि एका मुलीने लाइनवर लिहिलं होतं, "गॅलरीत पाकुची खूप आलीय, संपवायची कशी, सेन्सेईंकडे काही आहे का". बाईंनी त्यातला संपवायची कशी हा भाग वहीत दोनदा अधोरेखित केला. म्हणाल्या, याला गूगलवर आम्ही 'ताइर्यो शोउही' म्हणतो, म्हणजे भरपूर असलेली वस्तू एका दमात संपवणं, कोबी ताइर्यो शोउही, मुळा ताइर्यो शोउही, असंच शोधतात बायका, फ्रिज उघडून समोर जे पडलंय ते आधी टाइप करतात. पदार्थाचं नाव टाइप करायला आधी तो पदार्थ माहीत तरी हवा ना, कोथिंबीर वडी जपानमधे कुणाला माहितीय?

मग त्या पानाचं शीर्षक बदललं. पाकुची आणि ताइर्यो शोउही हे दोन शब्द पुढे, भारतीय वडी असं मागे, आणि खाली मी खरंच लिहिलं की दोन जुड्या कोथिंबीर, बेसन किती, वाफवून गार झाल्यावर कापायचं, आधी कापलं तर चुरा होतो. बेसनासाठी पण विचारलं, तर चण्याचं पीठ असं जपानीत लिहिण्यापेक्षा 'बेसन-को' लिहा म्हणाल्या, पाकिटावर तेच लिहिलेलं असतं आणि ज्याच्या हातात पाकीट आहे तो तेच टाइप करणार. आज माझ्या साइटवर सगळ्यात जास्त लोक त्याच पानावर येतात. कोथिंबीर वडी! मला याचा जो आनंद आहे तो शब्दात सांगता येत नाही.

अशी एकाच शब्दाची वेगवेगळी रूपं असतात त्याला जपानीत 'ह्योकी युरे' म्हणतात, लिखाणाचं डुलणं म्हणा हवं तर. बिर्यानीच घ्या, काताकानात ती तीन तऱ्हेने लिहितात, लांब स्वराची आडवी रेघ कुठेच नाही, एका ठिकाणी, किंवा दोन ठिकाणी. व्हीगनचं 'वी' ने पण लिहितात आणि 'बी' ने पण. मुलांसाठी म्हणायचं तर 'कोदोमो' हा शब्द पूर्ण कांजीत, अर्धा कांजी अर्धा हिरागाना, किंवा पूर्ण हिरागाना. घर बदलणं याला 'हिक्कोशी', त्यातली मधली हिरागाना अक्षरं कुणी लिहितं कुणी गाळतं. गूगल यातलं बरंचसं आपलं आपण समजून घेतं, तेवढं हुशार झालंय ते, पण निकाल अगदी तंतोतंत सारखे येत नाहीत, आणि माणसाला तर आपण टाइप केलेलंच रूप डोळ्याला दिसलं की आपलं वाटतं. बाईंची पद्धत अशी की शीर्षकात एकच रूप घ्यायचं, जे जास्त चालतं ते, बाकीची मजकुरात सहज आली तर येऊ द्यायची, ओळीने ठासून भरायची नाहीत. कुठलं जास्त चालतं ते गूगल ट्रेंड्सवर शेजारी शेजारी टाकून बघायचं, फुकट आहे, एका वेळी पाच शब्द टाकता येतात.

आणि एक गोष्ट त्यांनी करून दाखवली ती मला कधी सुचली नसती. स्वतःचा फोन काढला आणि 'बिरि' एवढंच टाइप केलं आणि म्हणाल्या बघा, कीबोर्ड काय सुचवतोय. जपानीत आपण आधी हिरागानात टाइप करतो आणि फोन कांजी किंवा काताकाना पुढे करतो, माणूस दहातल्या नऊ वेळा पहिलं जे येतं त्यावर बोट टेकवतो. म्हणजे सर्चच्या चौकटीत कुठलं रूप पडणार हे पुष्कळदा माणूस ठरवतच नाही, फोन ठरवतो. मराठी टाइप करताना आपलं पण असंच होतं की, पहिलं जे येतं ते ठोकून देतो.

आता शीर्षक. माझ्या होमपेजचं जुनं शीर्षक होतं त्यात नमस्ते होतं, मनापासून होतं, भारतीय आईच्या हातची चव होती, आणि र्योरी क्योशित्सु हा शब्दच नव्हता. जपानीत शीर्षक साधारण ३० अक्षरांपर्यंतच दिसतं, एकेक कांजी रुंद असते ना, पुढचं तीन टिंबं. बाईंनी लिहून दिलं नाही, माझ्याकडूनच सात वेळा लिहून घेतलं. शेवटी जे ठरलं ते असं: निशिकासाईचा भारतीय र्योरी क्योशित्सु, तानपात्सु, तेबुरा ओके, चार जणांपर्यंत. जपानीत मोजून २५ अक्षरं. तानपात्सु म्हणजे एकदाच येऊन जाता येतं, वर्षभराचा कोर्स घ्यावा लागत नाही. तेबुरा म्हणजे रिकाम्या हाताने या, एप्रन वगैरे सगळं आम्ही देतो. हे दोन शब्द माझ्या डोक्यात कधीच आले नसते कारण आपण क्लासला जाताना असला विचारच करत नाही. पण जपानी माणसाला नवीन ठिकाणी जायच्या आधी सगळं स्पष्ट हवं असतं, काय आणायचं, किती वेळ, एकटं आलं तर चालेल का, स्टेशनच्या कुठल्या दाराने बाहेर पडायचं आणि तिथून किती मिनिटं. पैसे सुद्धा टॅक्स धरूनच लिहायचे, तसंही २०२१ च्या एप्रिलपासून ते सक्तीचं आहे. हे सगळं मी खाली एका पानात उतरवलं, आणि त्या दिवसापासून फोनवरचे तेच तेच प्रश्न निम्म्यावर आले.

दुसऱ्या बैठकीत टूल्स शिकवली. राक्को कीवर्ड नावाचं एक जपानी टूल आहे, राक्को म्हणजे समुद्रातलं पाणमांजर, त्याचंच चित्र असतं साइटवर. त्यात एक शब्द टाकला की गूगल त्यापुढे काय काय सुचवतं ते सगळं जपानी बाराखडीच्या क्रमाने, अ इ उ ए ओ, का कि कु, असं ओळीने समोर मांडतं. मी र्योरी क्योशित्सु टाकलं आणि पुढची यादी बघत बसले, एकट्याने, पुरुष, नवशिके, तानपात्सु. मला ते वाचताना खरंच भरून आलं, म्हणजे एवढी माणसं कुठेतरी रात्री फोन हातात घेऊन विचारतायत की एकट्याने गेलं तर चालेल का. फुकटात रोजच्या वापराला मर्यादा आहे पण चार जणींच्या क्लासला तेवढं रग्गड होतं, पैसे भरायची अजिबात गरज नाही. गूगलचं कीवर्ड प्लॅनर पण बघितलं, त्यात जाहिरातीवर खर्च करत नसाल तर नुसते ढोबळ आकडे दिसतात आणि जवळची रूपं एकत्र करून टाकतं, म्हणजे ह्योकी युरे बघायला ते निरुपयोगी. माझ्यासारख्यांनी सोडून दिलं तरी चालेल.

सर्च कन्सोल मात्र पाहिजेच पाहिजे. फुकट आहे, गूगलचंच आहे, १६ महिन्यांपर्यंत मागचं दिसतं, कुठल्या शब्दावर तुमची साइट किती वेळा दिसली (याला इम्प्रेशन्स म्हणतात) आणि किती जणांनी क्लिक केलं ते सगळं. एजन्सीने मला याचा ॲक्सेसच दिला नव्हता! माझ्या साइटचा! पहिल्यांदा उघडलं तेव्हा कळलं की त्या सात एक नंबरवाल्या कीवर्डना तीन महिन्यांत मिळून दोन आकडी सुद्धा इम्प्रेशन्स नव्हते. बाईंनी एक साधी सवय लावली, महिन्यातून एकदा बसायचं, जिथे इम्प्रेशन्स भरपूर पण क्लिक नाहीत असे शब्द शोधायचे, आणि ते पान माणसाच्या नजरेने पुन्हा वाचायचं. बस.

भारतातल्यांसाठी एक सांगते, कारण माझ्या मामेभावाचं कोल्हापूरला असंच झालं. त्याची साधी मराठी साइट, आणि गूगलवर तिची शीर्षकं अचानक जपानी दिसायला लागली, मला स्क्रीनशॉट पाठवला की हे काय लिहिलंय वाच. ब्रँडच्या नकली वस्तूंची जाहिरात होती. याला जॅपनीज कीवर्ड हॅक असंच नाव आहे, गूगलची त्यावर मदतीची पानं पण आहेत. साइटमधे घुसून हजारो जपानी पानं तयार करतात आणि पुष्कळदा ती तुम्हाला दिसत नाहीत, फक्त गूगलला दिसतात. गूगलमधे साइट, मग कोलन, मग तुमचा पत्ता असं टाइप करून अधूनमधून बघत जा, आणि सर्च कन्सोलमधे अनोळखी कुणी मालक म्हणून घुसलाय का ते पण, कारण ते लोक स्वतःला तिथे जोडून घेतात.

टेक्निकल बाजू बाईंना येत नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं, ते आमच्या घरच्या माणसाने बघितलं. त्यात एक चूक सापडली ती लिहून ठेवते. आमच्या साइटची एक इंग्रजी आवृत्ती पण आहे आणि दोन्ही भाषांची पानं एकमेकांना जोडायला एचरेफलँग (hreflang) नावाचा टॅग असतो, त्यात एजन्सीने जपानीसाठी 'जेपी' टाकलं होतं. जेपी हा देशाचा कोड, भाषेचा कोड 'जेए'. म्हणजे इतके महिने तो टॅग असून नसल्यासारखा. दोन मिनिटांचं काम. तुमची दोन भाषांची साइट असेल तर आत्ता उठून बघा.

जपानीत शब्दांमधे मोकळी जागा नसते याचा पण एक परिणाम आहे. सगळी अक्षरं सलग, मशीनने ठरवायचं कुठे तोडायचं. नेहमीचं उदाहरण म्हणजे तोक्यो-तो, हा आमचा तोक्यो महानगर प्रदेश, तीन कांजी, आणि त्यातल्या शेवटच्या दोन वेगळ्या काढल्या की होतं क्योतो. गूगल यात फसत नाही, पण साइटवर स्वतःची सर्चची चौकट असते ती साधी असली तर फसते. माझ्याकडे पानंच वीस, मी ती चौकट काढूनच टाकली.

तिसरी बैठक गूगल मॅपच्या प्रोफाइलवर गेली, याला इथे एमईओ म्हणतात आणि त्याच्या वेगळ्या एजन्सीज आहेत. मी त्यात फार शिरत नाही. फोटो स्वतःचे टाका, वेळा बरोबर ठेवा, प्रत्येक रिव्ह्यूला उत्तर द्या, वाईट असेल त्याला सुद्धा आणि त्याला जास्त मन लावून. पैसे देऊन करून घ्यायचं यात काही नाही.

बाईंच्या उण्या बाजू पण सांगते. एक म्हणजे सगळं लिखाण तुम्हालाच करायचं, त्या एक ओळ लिहून देत नाहीत. दुसरं, बोलणं फक्त जपानीत, आणि मजकुरातल्या आदरार्थी रूपांवर फार कडक, एका पानावर वाक्यांचा शेवट नम्र मास-मास आणि दुसऱ्यावर साधा दा-दा असं झालं की थांबवून पूर्ण बदलायला लावतात. माझं एक पान त्यांनी चारदा परत केलं, तेव्हा मला वाईट वाटलं होतं. ज्यांचं जपानी बोलण्यापुरतंच आहे त्यांनी जपानी माणूस बरोबर घेऊनच बसावं. तिसरं, वेळ लागतो. पहिले दोन महिने काहीच हललं नाही, मी दोनदा त्यांना काळजीने मेसेज केला, दोन्ही वेळा उत्तर एकच, थांबा. तिसऱ्या महिन्यापासून हळूहळू चौकशा यायला लागल्या. आता आठ महिने झाले, महिन्याला सातआठ चौकशा गूगलवरून येतात आणि त्यातल्या निम्म्या तरी खरंच येतात. मला तेवढ्याच हव्यात, चारच तर खुर्च्या आहेत.

हिशोब सांगायचा तर एजन्सीला याहूसकट ३,६०,००० येन गेले आणि बाईंना ४५,०००. बाईंना ५ पैकी साडेचार, अर्धा कापला तो अपॉइंटमेंटला महिनाभर थांबावं लागतं म्हणून. ज्यांना पैसे खर्च करायचे नाहीयेत त्यांनी सर्च कन्सोल, राक्को आणि आपल्या गिऱ्हाईकांचे लाइन मेसेज एवढं घेऊन एक रविवार बसा. आणि एजन्सीच हवी असेल तर सही करायच्या आधी एवढंच विचारा, की तुम्ही निवडलेला शब्द माझ्या कुठल्या गिऱ्हाईकाच्या तोंडून ऐकलात?

मी आता प्रत्येक नवीन येणाऱ्याला चहा देताना विचारते, काय टाइप करून आलात. गेल्या शनिवारी एक मुलगी आली, चिबाहून, तिने लाजत फोन काढून हिस्टरीच दाखवली. निशिकासाई, मग रुंद स्पेस, इन्दो र्योरी, रुंद स्पेस, 'हितोरी', म्हणजे एकटी, आणि ते पूर्ण हिरागानात, कांजीत नाही. मी वहीत तसंच्या तसं उतरवून घेतलं. पुढच्या महिन्यात बाईंची वेळ मिळालीय, तेव्हा दाखवायचंय.